सहा गुंड्या आणि ४२ गोळ्या

ताई, सप्रेम नमस्कार.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, ६८ वर्षांचे आहेत. कराडला त्यांचं शिलाईचं दुकान होतं. सहा वर्षांपूर्वी पार्किन्सन्सचं निदान झालं. सिंडोपा दिवसातून तीनदा, रासाजिलीन एक आणि अमँटाडीन एक अशी औषधं चालू आहेत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शर्टांना काजं केली, आणि आता स्वतःच्या शर्टाची गुंडी लागत नाही, हे त्यांच्या मनाला फार लागतं.

जानेवारीत त्यांना खोकला झाला. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी अँब्रोक्सॉलच्या ३० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिल्या, दिवसातून तीन, जेवणानंतर. पोटाला त्रास नको म्हणून ॲसिडिटीची जुनी कॅप्सूल बंद करून दुसरी लिहून दिली. गोळ्यांचा घोळ व्हायला लागला म्हणून मी खणांची डबी आणली आणि फोनला गजर लावले. पूर्वी सिंडोपा नाश्त्याच्या वेळी दुधाबरोबर जायची, आता बरोबर सातला पाण्याबरोबर जाते. दीड महिन्याने एका सकाळी अण्णा शर्टाच्या सहाही गुंड्या स्वतः लावून बाहेर आले. आईच्या डोळ्यांत पाणीच आलं.

मी शोधाशोध केली तेव्हा कळलं, की अँब्रोक्सॉलवर पार्किन्सन्ससाठी परदेशात संशोधन चालू आहे. किती तरी पेशंटनी फरक पडल्याचं लिहिलंय. कोणाचा हात थरथरायचा कमी झाला, कोणाचा आवाज सुधारला. पण ते लोक दिवसाला १२६० मिलिग्रॅम घेतात. माझा भाऊ जर्मनीत असतो. तो म्हणतो, खोकल्याचंच तर औषध आहे, मी पाठवतो, वाढव. आमच्या पुण्याच्या न्यूरॉलॉजिस्टना फोनवर ओझरतं विचारलं, तर 'असलं काही करू नका' म्हणाले आणि विषय संपला. खोकला कधीच गेला, गोळ्या मात्र मी चालू ठेवल्यात आणि हे त्यांना सांगितलेलं नाही.

डोस वाढवू का? इतक्या लोकांचे अनुभव खोटे कसे असतील?

तुमची,
एक वाचक, कराड

* * *

सप्रेम नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. अनुभव खोटे नाहीत. अण्णांनी सहा गुंड्या लावल्या हे खरं आहे, आणि ज्यांनी हात थरथरायचा थांबल्याचं लिहिलं त्यांचंही खरं असणार. प्रश्न एवढाच आहे, की त्या गुंड्या कशामुळे लागल्या. याचं उत्तर अनुभवातून आपोआप मिळत नाही, ते शोधावं लागतं. आणि तुमच्या पत्रात ते शोधायला भरपूर जागा आहे.

डोस वाढवू नका, हे आत्ताच सांगून टाकते. कारणं पुढे येतीलच.

मी डॉक्टर नाही. ३१ वर्षं औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून उभी राहिले, आणि त्यातली ११ वर्षं घरी सासूबाईंचा पार्किन्सन्स सांभाळला. म्हणजे काउंटरच्या दोन्ही बाजू पाहिल्यात. आपल्याकडे स्वमदत गटांत पेशंटला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. त्या नात्याने तुम्ही आणि मी एकाच घरच्या.

तुमचं पत्र मी पेन्सिल घेऊन दुसऱ्यांदा वाचलं आणि तीन ठिकाणी खुणा केल्या. जानेवारीत अण्णांच्या औषधांत एक नव्हे, तीन बदल झाले. अँब्रोक्सॉल आलं. ॲसिडिटीची कॅप्सूल बदलली. सिंडोपाची वेळ बदलली. तुमचं सगळं लक्ष पहिल्या बदलावर आहे. माझं उरलेल्या दोघांवर गेलं.

सिंडोपातलं लेव्होडोपा आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जातं ते प्रथिनांच्याच वाटेने. दूध, अंडं, डाळ, पनीर यांतली प्रथिनं त्याच दारातून आत शिरायला बघतात, आणि दोघं एकाच वेळी आले की औषध मागे राहतं. म्हणून बरेच न्यूरॉलॉजिस्ट ही गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायला सांगतात. सहा वर्षं अण्णांची सकाळची गोळी दुधाबरोबर जात होती. तुम्ही गजर लावलात आणि ती सातला, रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर जायला लागली. सकाळी गुंड्या लागायला एवढंही पुरेसं असू शकतं. तसं असेल, तर ते औषध तुम्हीच शोधलंत आणि त्याला एक रुपयाही पडला नाही.

आता ती कॅप्सूल. तुम्ही तिचं नाव लिहिलेलं नाही, म्हणून एक काम सांगते. जुनी रिकामी पाकिटं ज्या डब्यात पडून असतात, तिथून ती शोधा. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत घटक छापलेले असतात. रॅबेप्राझोल किंवा पँटोप्राझोल लिहिलं असेल तर काही नाही, ती ॲसिडिटीचीच औषधं. पण त्याच्या खाली 'लेव्होसल्पिराइड' हा शब्द आहे का बघा. आपल्याकडे ही जोडगोळी सर्रास लिहून दिली जाते. लेव्होसल्पिराइड मेंदूत डोपामीनचा, म्हणजे हालचालींचे निरोप पोचवणाऱ्या रसायनाचा, रस्ता अडवतं. पार्किन्सन्समध्ये डोपामीनच कमी पडतं, त्यासाठी आपण सिंडोपा देतो, आणि दुसरीकडे पोटाची कॅप्सूल तोच रस्ता बंद करत असते. धडधाकट माणसालाही या औषधाने पार्किन्सन्ससारखी लक्षणं येऊ शकतात. ते बंद केलं की सुधारायला आठवडे, कधी महिनेही लागतात. तुमचा दीड महिना त्यात बसतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. सासूबाईंना एकदा चक्कर यायला लागली, तर एका डॉक्टरांनी सिनारिझिन दिलं. मीच ते आमच्या दुकानातून आणलं. तीन महिन्यांत त्या खुर्चीतून उठेनात. आम्ही समजलो, आजार वाढला. त्यांच्या न्यूरॉलॉजिस्टनी गोळ्यांची पिशवी टेबलावर उपडी केली, एक पाकीट बाजूला काढलं आणि म्हणाले, "हे आधी बंद." महिन्या-दीड महिन्याने सासूबाई देवघरापर्यंत एकट्या चालत गेल्या. त्या काळात मी त्यांना कुठलंही नवं औषध सुरू केलं असतं, तर सगळं श्रेय त्यालाच देऊन मोकळी झाले असते. सिनारिझिन, फ्लुनारिझिन, मेटोक्लोप्रमाइड, प्रोक्लोरपेराझिन आणि लेव्होसल्पिराइड ही पाच नावं एका कागदावर लिहा आणि तो कागद अण्णांच्या फायलीवर चिकटवून ठेवा. चक्कर, उलटी, ॲसिडिटी अशा साध्या तक्रारींसाठी ही औषधं येतात आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

आता अँब्रोक्सॉलकडे येते, कारण त्यातही तथ्य आहे आणि ते तुम्हाला नीट कळायला हवं.

हे औषध ब्रोमहेक्सिनपासून आलं, आणि ब्रोमहेक्सिनचं मूळ आपल्या अडुळशात सापडणाऱ्या व्हॅसिसिनमध्ये आहे. (हे वाचून कोणी अडुळशाचा काढा सुरू करू नये. आजीच्या बटव्यातला अडुळसा आणि प्रयोगशाळेतलं अँब्रोक्सॉल यांच्यात रसायनशास्त्राचं बरंच अंतर आहे.) आपल्या पेशींत टाकाऊ माल कुटून साफ करणारी पिशवी असते, लायसोसोम. तिथे काम करणारं एक विकर म्हणजे एन्झाइम, जीकेस, अँब्रोक्सॉलमुळे सुधारतं, असं २००९मध्ये गोशे नावाच्या आजारावर काम करणाऱ्यांना दिसलं. त्या विकराचा आराखडा जीबीए१ या जनुकात असतो. पार्किन्सन्सच्या साधारण ५ ते १५ टक्के पेशंटमध्ये याच जनुकात बिघाड सापडतो. तिथून हा धागा जुळला. धागा भक्कम आहे, हवेतला नाही.

लंडनच्या गटाने २०२०मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात पार्किन्सन्सचे १७ पेशंट होते. आठ जणांच्या जीबीए१मध्ये बिघाड होता, नऊ जणांच्या नव्हता. डोस हळूहळू वाढवत दिवसाला १२६० मिलिग्रॅमपर्यंत नेला. औषध मेंदूभोवतीच्या द्रवापर्यंत पोचतं, हे दिसलं. हालचालींच्या गुणांतही सुधारणा दिसली. पण सगळ्यांना खरं औषधच दिलं होतं आणि ते सगळ्यांना माहीत होतं. तुलनेला बनावट गोळी, म्हणजे दिसायला तशीच पण आत औषध नसलेली, घेणारा कोणी नव्हता. तो अभ्यास औषध सुरक्षित आहे का आणि मेंदूत शिरतं का, एवढंच बघायला आखला होता. तुम्ही वाचलेला १२६०चा आकडा बहुतेक तिथूनच लोकांच्या तोंडी बसला.

मग २०२५मध्ये कॅनडातल्या लंडन शहरातून (हो, तिकडेही लंडन आहे) आणखी एक अभ्यास आला. पार्किन्सन्समुळे स्मृतिभ्रंश झालेले ५५ पेशंट, एक वर्ष, आणि इथे बनावट गोळीशी तुलना. औषध सोसलं गेलं, पण विचारशक्ती आणि स्मरणशक्तीच्या मुख्य चाचण्यांत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. मेंदूला होणाऱ्या इजेच्या एका खुणेत थोडी आशा दिसली, आणि बातम्यांचे मथळे त्या आशेवर निघाले. आता ब्रिटनमध्ये ३३० पेशंटवर दोन वर्षांची मोठी चाचणी हाती घेतली आहे. ज्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला हवंय, ते तिथे मिळेल. आज ते कोणाकडेच नाही, भावाकडे नाही, माझ्याकडे नाही, आणि तुम्ही ज्यांचे अनुभव वाचलेत त्यांच्याकडेही नाही.

आता १२६० मिलिग्रॅम म्हणजे काय, ते पाकीट हातात घेऊन बघा. ३० मिलिग्रॅमच्या ४२ गोळ्या. दहा गोळ्यांची चार पाकिटं आणि वर दोन. रोज. ज्यांचं सहाव्या वर्षी गिळणं थोडं मंदावलेलं असू शकतं, अशा माणसाने. आणि अण्णा आज घेतायत ९० मिलिग्रॅम, त्याचा चौदावा हिस्सा. सहा गुंड्या लागायला तेवढ्या डोसाने हातभार लावला असेल, हे मला अवघड वाटतं. तुम्ही म्हणाल, मग जास्तीने जास्त फरक पडेल. पण जो फरक या गोळीचा आहे की नाही हेच ठरलेलं नाही, तो चौदापट कसा होणार?

गोळ्या एवढ्या गिळवत नाहीत म्हणून लोक सिरपकडे वळतात. तिथे खरा धोका आहे. आपल्याकडच्या खोकल्याच्या बाटलीत अँब्रोक्सॉल एकटं क्वचित असतं. सोबत साल्ब्युटामॉल, लेव्होसाल्ब्युटामॉल किंवा टर्ब्युटालीन असतं, त्याने छातीत धडधडतं आणि हात थरथरतात. म्हणजे थरथर कमी व्हावी म्हणून घ्यायचं आणि थरथर वाढवून बसायचं. काही बाटल्यांत डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतं. अण्णांना रासाजिलीन चालू आहे. रासाजिलीनवर असलेल्या माणसाला डेक्स्ट्रोमेथॉर्फन अजिबात चालत नाही, भ्रम होण्यापासून जिवावर बेतण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. हे मोठ्या डोसाबद्दलच नाही. पुढच्या थंडीत साधा खोकला झाला, तरी दुकानातून 'एक कफ सिरप द्या' असं म्हणून बाटली आणू नका. रासाजिलीन चालू असल्याचं आधी सांगा. आणि नुसत्या अँब्रोक्सॉलनेही पोट बिघडतं, मळमळ होते, आणि क्वचित त्वचेची गंभीर ॲलर्जी येते. अंगावर चट्टे किंवा तोंडात फोड दिसले, तर त्याच क्षणी गोळी बंद करून डॉक्टर गाठायचा.

तुमचा प्रश्न मात्र अजून तसाच उभा आहे. इतके लोक सांगतात, त्याला काहीच किंमत नाही का?

आहे. अण्णांच्या डबीतलीच एक गोळी त्याची साक्ष आहे. अमँटाडीन मुळात फ्लूचं औषध. १९६८मध्ये बॉस्टनकडे ५८ वर्षांच्या एका बाईंनी फ्लू होऊ नये म्हणून ते घेतलं, १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. त्यांना पार्किन्सन्स होता. गोळी चालू असताना त्यांचा ताठरपणा आणि थरथर कमी झाली. सहा आठवड्यांनी गोळी थांबली, आणि लक्षणं परत आली. त्यांनी हे आपल्या डॉक्टरांना, रॉबर्ट श्वाब यांना, सांगितलं. श्वाबनी ते हसण्यावारी नेलं नाही. त्यांनी १६३ पेशंटना औषध देऊन बघितलं, निम्म्याहून जास्त लोकांना फरक पडला, आणि १९६९मध्ये ते छापून आलं. पुढे इतरांनी बनावट गोळीशी तुलना करून ते तपासलं. आज कराडच्या एका घरात ती गोळी रोज घेतली जाते. एका पेशंटच्या अनुभवातून ती तिथे आली.

त्या बाईंच्या गोष्टीत मला दोन जागा फार मोलाच्या वाटतात. गोळी थांबल्यावर काय झालं, हे त्यांनी पाहिलं. आणि जे पाहिलं ते डॉक्टरांपासून लपवलं नाही.

दुसरी गोष्ट एएलएसची आहे. या आजारात स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा मरत जातात आणि बहुतेक पेशंट काही वर्षांतच जातात. २००८मध्ये इटलीतून एक छोटा अभ्यास आला. ४४ पेशंट, त्यांतल्या १६ जणांना लिथियम. लिथियम हे मनोविकारावरचं जुनं, स्वस्त औषध. पंधरा महिन्यांत त्या १६ जणांतलं कोणीच दगावलं नाही, उरलेल्यांतले जवळजवळ एकतृतीयांश गेले. विचार करा, ज्या घरात एएलएस आहे तिथे ही बातमी कशी पोचली असेल. जगभर पेशंटनी डॉक्टरांना गळ घालून लिथियम सुरू केलं. मंजुरी एका आजारासाठी आणि वापर दुसऱ्यासाठी, याला ऑफ-लेबल म्हणतात. आणि त्यातल्या पुष्कळांनी एक फार मोठं काम केलं. आपला डोस, आपली ताकद, आपली घसरण, सगळं नियमाने लिहून एकत्र ठेवलं. बरं वाटलं तेव्हाच नव्हे, वाईट झालं तेव्हाही. लिथियम घेणाऱ्या अशा १४९ पेशंटच्या नोंदी त्यांच्यासारख्याच, पण लिथियम न घेणाऱ्या पेशंटच्या नोंदींशी ताडून पाहिल्या, आणि २०११मध्ये निष्कर्ष छापून आला. वर्षभरात आजाराच्या चालीत काही फरक नव्हता. अमेरिका, कॅनडा, इटली, ब्रिटन इथल्या रीतसर चाचण्यांनीही फायदा नाही असंच सांगितलं.

या १४९ लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांची आशा फळली नाही, पण त्यांच्या मागून आलेल्या हजारो घरांचे महिने आणि पैसे त्यांनी वाचवले. 'मला फरक पडला' एवढंच लिहून ते थांबले असते, तर आजही कोणीतरी लिथियम घेत बसलं असतं. तुम्ही वाचलेल्या अनुभवांत हाच भाग नसतो. फरक पडला नाही तो माणूस गोळी सोडून देतो आणि गप्प बसतो. ज्याला पडला तो लिहितो. आपल्या वाचनात एकाच बाजूची माणसं येतात.

पार्किन्सन्समध्ये याला आणखी एक कंगोरा आहे. २००१मध्ये व्हँकूव्हरच्या संशोधकांनी पेशंटना बनावट औषध देऊन मेंदूचं स्कॅनिंग केलं. औषध मिळणार या अपेक्षेनेच मेंदूत डोपामीन सुटलेलं दिसलं. म्हणजे या आजारात आशेने येणारी सुधारणा शरीरातच घडते, मोजता येते. तिला कोणी 'मनाचे खेळ' म्हणालं तर मला राग येतो. अमेरिकेत २०१५मध्ये १२ पेशंटना दोन इंजेक्शनं दिली, दोन्ही नुसत्या मिठाच्या पाण्याची. एक १०० डॉलरचं सांगितलं, दुसरं १५०० डॉलरचं. महागड्या म्हटलेल्या पाण्याने जास्त फरक पडला. आता जर्मनीहून मुलाने पाठवलेली औषधाची पेटी अण्णांच्या हातात पडेल, तेव्हा काय होईल? पहिले काही आठवडे त्यांना बरं वाटेल, हे मी आजच लिहून देते. पण त्या बरं वाटण्याने आजार थोपतोय का, हे कळणार नाही. आणि तो भर ओसरला, की ४२ गोळ्यांच्या जागी कोणीतरी ५० सुचवेल.

मी हे घरी करून बसले आहे. २००२मध्ये ८० पेशंटच्या एका चाचणीत कोएन्झाइम क्यू१० या कॅप्सूलने पार्किन्सन्सची घसरण मंदावल्यासारखी दिसली होती. काही वर्षांनी मी सासूबाईंना त्या सुरू केल्या. मी फार्मासिस्ट, मला कोण अडवणार? महिन्याच्या किराण्यापेक्षा जास्त पैसे जायचे. रोज दुपारी मी त्यांच्याजवळ बसून कॅप्सूल द्यायची आणि विचारायची, "आई, आज कसं वाटतंय?" त्या म्हणायच्या, "बरं वाटतंय गं." मी वर्षभर सगळ्यांना सांगत सुटले. पुढे ६०० पेशंटची मोठी चाचणी फायदा दिसत नाही म्हणून मध्येच थांबवली, २०१४मध्ये ते सविस्तर छापून आलं. तोवर सासूबाई गेल्या होत्या. आज वाटतं, दुपारी कोणीतरी शेजारी येऊन बसतं म्हणून त्यांना बरं वाटत होतं, किंवा माझा हिरमोड नको म्हणून त्या तसं म्हणत होत्या. आपले आई-वडील असं करतात. अण्णाही करत असतील.

म्हणून आता एवढं करा.

न्यूरॉलॉजिस्टना खरं सांगा. फोनवर ओझरतं विचारलं की कोणताही डॉक्टर 'करू नका' असंच म्हणणार, त्यांच्या समोर पेशंट नसतो आणि मागे रांग असते. वेळ घ्या, सगळी पाकिटं, ती जुनी ॲसिडिटीचीसुद्धा, पिशवीत घालून न्या, आणि एका कागदावर तारखांसकट लिहून न्या: काय सुरू झालं, काय बंद झालं, सिंडोपाची वेळ कधी बदलली, गुंड्या कधी लागल्या. बोलताना सुरुवात अशी करा, "डॉक्टर, आमची एक चूक सांगायची आहे आणि एक प्रश्न आहे." रागावतील कदाचित. रागावू देत. लपवलेली गोळी पेशंटला जास्त महागात पडते. मी काउंटरवर ते फार वेळा पाहिलंय.

त्यांना दोन प्रश्न विचारा. पहिला, जीबीए१ची तपासणी अण्णांच्या बाबतीत कामाची आहे का? होय म्हणाले, तर ती करण्याआधी तुम्ही भावंडांनी एकत्र बसून बोला, कारण त्या उत्तराचा धागा तुमच्यापर्यंत आणि तुमच्या मुलांपर्यंत येतो. दुसरा प्रश्न, अँब्रोक्सॉल थांबवून बघायचं का? खोकला गेलाय, तेव्हा बहुधा 'थांबवा' म्हणतील. हे औषध एकदम थांबवल्याने बिघडत नाही. मात्र सिंडोपा आणि अमँटाडीन आपल्या मनाने कधीही एकदम बंद करायची नाहीत, त्याने माणूस दवाखान्यात भरती होतो. बाकी काही न बदलता नुसतं अँब्रोक्सॉल थांबलं आणि गुंड्या तशाच लागत राहिल्या, तर तुम्हाला कळेल की श्रेय दुसरीकडे आहे. नाही लागल्या, तर श्वाबसमोर बसलेल्या त्या बाईंसारखं तुमच्याकडेही डॉक्टरांना सांगण्यासारखं काहीतरी असेल, आणि ते लेखी असेल.

त्यासाठी नोंद हवी. 'आज बरे होते' ही नोंद नव्हे. अण्णांच्या हातातलं काम निवडा, ते कारागीर आहेत. त्यांनी स्वतः शिवलेला एक शर्ट काढा, आणि मोठ्या नाक्याची एक सुई. दर रविवारी सकाळी आठला, म्हणजे सातच्या सिंडोपानंतर तासाभराने, सहा गुंड्या लावायच्या आणि सुईत दोरा ओवायचा. खुर्चीतून उठून दारापर्यंत जाऊन परत येऊन बसायचं. फोनवर व्हिडिओ काढा. मध्ये 'छान, छान' म्हणू नका, मदतीला हात पुढे करू नका. हे सर्वांत कठीण आहे, मला माहीत आहे. सर्दी, जागरण, घरात भांडण, बद्धकोष्ठ, काहीही झालं असेल तर बाजूला लिहा, कारण पार्किन्सन्स या प्रत्येक गोष्टीला उत्तर देतो.

आणि भाऊ. तो परदेशातून औषध पाठवतो म्हणतो, कारण तिथून त्याला दुसरं काही पाठवता येत नाही. त्याच्यावर चिडू नका. त्याला काम द्या, आणि हे काम त्याच्याइतकं चांगलं घरात कोणीच करू शकणार नाही. अँब्रोक्सॉल कोणत्या आठवड्यात चालू होतं आणि कोणत्या आठवड्यात बंद, हे त्याला सांगूच नका. दर रविवारचा व्हिडिओ, तारीख न घालता, नुसता क्रमांक देऊन त्याला पाठवा. तो घड्याळ लावून बघेल, सेकंद लिहील, आणि कोणता व्हिडिओ त्याला चांगला वाटला ते सांगेल. तुम्ही आणि आई अण्णांकडे आशेने बघता, त्याला तिथून नुसते हात दिसतील. आठ-दहा रविवार झाले की दोघांचे कागद शेजारी ठेवा आणि तेच डॉक्टरांकडे न्या.

पहिला व्हिडिओ डॉक्टरांची भेट होण्याआधीच काढा, सगळं आत्ता आहे तसं चालू असतानाचा. गुंड्या वरून खाली लावायच्या की खालून वर, ते अण्णांना ठरवू द्या. शर्टाचं त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. फक्त दर रविवारी तसंच.